लूव्रमध्ये दोनच तास असतील तर काय पाहावं, काय सोडावं?

युरोपच्या सहलीत पॅरिसच्या वाट्याला दोन-तीन दिवस येतात. आयफेल टॉवर, सीन नदीतली बोटीची फेरी, थोडी खरेदी, आणि त्यातच कार्यक्रमपत्रिकेत एक ओळ असते: लूव्र संग्रहालय, दोन तास. बहुतेकांसाठी ही आयुष्यातली पहिली आणि कदाचित शेवटचीच भेट असते. शिवाय स्वस्तही नसते. जानेवारी २०२६ पासून युरोपबाहेरून येणाऱ्या प्रौढ पर्यटकाला लूव्रचं तिकीट ३२ युरोंना पडतं. १८ वर्षांखालच्या मुलांना मात्र प्रवेश मोफत आहे.

एवढं करून बाहेर आल्यावर अनेकांकडे सांगण्यासारखं फार थोडं उरतं. मोनालिसा पाहिली, ती अपेक्षेपेक्षा लहान निघाली, गर्दी खूप होती, पाय दुखले. यात त्या माणसांचा दोष नाही. दोन तासांत 'लूव्र पाहायचं' हा बेतच मुळात चुकीचा असतो.

थोडा हिशोब करू. लूव्रच्या दालनांत साधारण ३५ हजार वस्तू मांडलेल्या आहेत. प्रत्येकीला ३० सेकंद दिले आणि चालण्यात, जेवण्यात, रांगेत एक मिनिटही घालवलं नाही, तरी रोज नऊ तास धरून जवळपास ३२ दिवस लागतील. दोन तासांत यातलं काय होणार? म्हणजे ९९ टक्क्यांहून जास्त लूव्र न पाहताच परतायचं आहे, हे आधीच ठरलेलं आहे. प्रश्न उरतो तो एवढाच, की जे थोडं पाहायचं ते कोणी निवडायचं, तुम्ही की गर्दीने?

पहिला पाऊण तास सगळ्यात मोलाचा

संग्रहालयात येणारा थकवा वेगळाच असतो. बाजारात चार तास हिंडणारा माणूस इथे तासाभरात बाक शोधू लागतो. बॉस्टनच्या ललित कला संग्रहालयात काम करणाऱ्या बेंजामिन गिलमन यांनी १९१६ मध्ये यावर लेख लिहिला आणि या प्रकाराला 'संग्रहालयाचा थकवा' असं नावच दिलं. एका माणसाला काही प्रश्न देऊन त्यांनी मांडलेल्या वस्तूंमधून उत्तरं शोधायला लावली. ते करताना त्याला किती वाकावं लागतं, मान किती तिरपी करावी लागते, याचे फोटो काढले. त्यांचा रोख वस्तूंच्या गैरसोयीच्या मांडणीवर होता. पुढच्या संशोधकांनी पाहणाऱ्याच्या लक्षाचाही अभ्यास केला. सुरुवातीचा साधारण अर्धा-पाऊण तास माणूस मन लावून पाहतो, मग वेग वाढतो, पाट्या वाचणं थांबतं आणि नजर नुसती भिंतींवरून फिरत राहते, असं त्यांना आढळलं.

थकवा नसतानाही आपण फार पाहतो असं नाही. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात जेफ्री स्मिथ आणि लिसा स्मिथ यांनी प्रेक्षक एकेका चित्रासमोर किती वेळ थांबतात ते मोजलं. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात सरासरी निघाली २७ सेकंद. त्यातही निम्म्या वेळा थांबणं १७ सेकंदांच्या आत आटोपलं होतं, आणि या वेळात पाटी वाचणंही आलं.

या दोन गोष्टी एकत्र ठेवल्या की दोन तासांचा बेत कसा असावा हे कळतं. ताजेतवाने असतो तो पहिला पाऊण तास सर्वांत चांगल्या तीन-चार कलाकृतींना द्यायचा. प्रत्यक्षात होतं नेमकं उलट. हा वेळ मोनालिसाच्या दिशेने सरकणाऱ्या गर्दीत जातो.

मोनालिसाचं काय करायचं?

पॅरिसला जाऊन मोनालिसा पाहिली नाही असं घरी सांगणं सोपं नाही. तेव्हा ती टाळा असा सल्ला देण्यात अर्थ नाही. पण तिथे काय मिळणार हे आधी माहीत असलेलं बरं. चित्र ७७ सेंटिमीटर उंच आणि ५३ सेंटिमीटर रुंद आहे, जाड काचेमागे आहे आणि समोर कठडा आहे. पुढे पोहोचल्यावर क्षणभर उभं राहता येतं, मग मागून रेटा येतो. लिओनार्दोने ओठांच्या कडा ज्या नाजूकपणे विरघळवल्या आहेत, त्या या अंतरावरून दिसत नाहीत. त्या चांगल्या छपाईच्या पुस्तकात जास्त नीट दिसतात, हे कितीही खटकलं तरी खरं आहे.

ही गर्दी केवळ चित्राच्या गुणामुळे जमलेली नाही. २१ ऑगस्ट १९११ रोजी विन्चेन्झो पेरूजा नावाच्या इटालियन कारागिराने हे चित्र लूव्रमधून चोरून नेलं. ते १९१३ च्या डिसेंबरात फ्लॉरेन्सला सापडलं. मधली दोन वर्षं जगभरची वर्तमानपत्रं या चित्राचे फोटो छापत होती. कलेशी संबंध नसलेल्या घरांतही तो चेहरा पोहोचला तो तेव्हा.

सकाळी नऊचं पहिलं तिकीट हाती असेल तर आत शिरताच थेट तिच्याकडे जावं. नाहीतर तिला भेटीच्या शेवटी ठेवावं. बुधवारी आणि शुक्रवारी लूव्र रात्री नऊपर्यंत उघडं असतं, आणि सहलींचे गट निघून गेल्यावर संध्याकाळी तिथली गर्दी ओसरते. मात्र बंद होण्याच्या अर्धा तास आधीपासून रखवालदार दालनं रिकामी करायला लागतात, हे धरून चालावं.

आणि तिथे पोहोचल्यावर एक काम करावं: मागे वळून पाहावं.

मोनालिसाच्या अगदी समोरच्या भिंतीवर लूव्रमधलं सर्वांत मोठं चित्र आहे. पावलो व्हेरोनेझ याने १५६३ मध्ये पूर्ण केलेलं 'काना गावचं लग्न'. उंची पावणेसात मीटरच्या वर, रुंदी जवळपास दहा मीटर. लग्नाच्या पंगतीत द्राक्षमद्य संपतं आणि येशू पाण्याचं मद्य करतो, ही बायबलातली गोष्ट. पण व्हेरोनेझने ती आपल्या काळातल्या व्हेनिसच्या थाटामाटात रंगवली आहे. शंभराहून अधिक माणसं आहेत. नोकर ताटं नेतायत, वर कुणी मांस कापतंय, कुत्री आहेत, पुढे वादक बसलेत. पांढऱ्या कपड्यातला वादक म्हणजे खुद्द व्हेरोनेझ आणि लाल कपड्यातला म्हणजे टिशियन, असं परंपरेने मानलं जातं. उजवीकडे एक माणूस हातातला पेला निरखून पाहतोय. चमत्कार झाला आहे हे कळलेल्या मोजक्या लोकांपैकी तो एक. बाकीची पंगत आपल्याच गप्पांत आहे.

हे चित्र व्हेनिसच्या एका मठातल्या भोजनगृहाच्या भिंतीसाठी काढलं होतं. १७९७ मध्ये नेपोलियनच्या सैन्याने ते काढून, तुकडे करून पॅरिसला आणलं. इतक्या मोठ्या चित्राकडे हजारो लोक रोज पाठ करून उभे असतात. म्हणजे त्याच खोलीत, त्याच तिकिटात, हवा तेवढा वेळ पाहायला ते मोकळं असतं.

एक वाट, चार थांबे

लूव्रच्या तीन शाखा आहेत: देनों, सुली आणि रिशेल्यू. पिरॅमिडखालच्या हॉलमधून तिघींकडे वाटा फुटतात. दोन तासांत तिन्हींना हात लावायला गेलं की निम्मा वेळ जिन्यांवर जातो. एकच निवडावी. पहिलीच भेट असेल तर देनों, कारण प्रसिद्ध चित्रांपैकी पुष्कळशी तिच्या पहिल्या मजल्यावर जवळजवळ आहेत. खाली दिलेले खोल्यांचे क्रमांक लूव्रच्या नकाशावर सापडतात.

सुरुवात भव्य जिन्यावरच्या पंखवाल्या विजयदेवतेपासून (७०३). इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातली ही ग्रीक मूर्ती १८६३ मध्ये सॅमोथ्रेस बेटावर तुकड्यातुकड्यांत सापडली. ती जहाजाच्या नाळेवर उतरते आहे आणि समोरून आलेल्या वाऱ्याने तिचं वस्त्र अंगाला चिकटलंय. डोकं नाही, हात नाहीत. उजवा पंख मूळचा नाही, डाव्या पंखावरून प्लास्टरमध्ये बनवलेला आहे. जिन्याच्या तळापासून एकदा आणि बाजूला जाऊन एकदा पाहिली की फरक कळतो. बहुतेक जण समोरून फोटो काढून पुढे जातात.

तिथून इटालियन चित्रांच्या लांबलचक दालनात, ग्रांद गॅलरीत, जायचं. मोनालिसासाठी तासभर थांबणाऱ्यांना बहुधा ठाऊक नसतं की लिओनार्दोची आणखी चित्रं याच दालनात आहेत. 'खडकांतली माता' आणि 'संत अ‍ॅनसह माता व बालक' ही दोन तर पुढ्यात उभं राहून निवांत पाहता येतात.

पण याच दालनात एका चित्रासमोर दहा मिनिटं द्यावीत. कॅराव्हाजोचं 'मेरीचा मृत्यू'. सतराव्या शतकाच्या पहिल्या काही वर्षांतलं, पावणेचार मीटर उंचीचं. पाटी न वाचता पाहिलं तर काय दिसतं? एका गरिबाघरच्या खोलीत एक बाई मरून पडली आहे. अंगात लाल कपडे, पोट थोडं फुगलेलं, पावलं उघडी आणि सुजलेली. एक हात बाजूला लोंबतोय. भोवती म्हातारे पुरुष उभे आहेत आणि डावीकडून येणारा उजेड त्यांच्या टकलांवर पडलाय. पुढे एक तरुणी इतकी वाकून रडते आहे की तिचा चेहरा दिसतच नाही, नुसती मान दिसते. तिच्या पायाशी तांब्याचं घंगाळ. प्रेताला अंघोळ घालायची आहे, हे कुणी सांगावं लागत नाही. वर मोठा लाल पडदा टांगलेला, त्यामागे अंधार. देवदूत नाहीत, उघडलेलं आकाश नाही. डोक्यामागे बारीकशी प्रभावलयाची रेघ आहे, तीही शोधावी लागते.

मग पाटीकडे वळावं. ही बाई म्हणजे येशूची आई. रोममधल्या ज्या चर्चसाठी चित्र काढलं होतं, तिथल्या धर्मगुरूंनी ते नाकारलं. देवाच्या आईचं प्रेत असं, शेजारपाजारच्या कुठल्याही बाईसारखं दाखवणं त्यांना सोसवलं नाही. तरुण रुबेन्सला मात्र त्याची किंमत कळली आणि त्याने मांटुआच्या ड्यूकला ते विकत घ्यायला लावलं. पुढे ते इंग्लंडच्या राजाकडे आणि तिथून फ्रान्सच्या चौदाव्या लुईच्या संग्रहात आलं. आधी डोळ्यांनी घरातला मृत्यू पाहिला आणि मग तो कोणाचा हे कळलं, तर धर्मगुरू का बिथरले ते लगेच समजतं. उलट क्रमाने पाहिलं तर बायबलातलं आणखी एक चित्र, एवढंच वाटून माणूस पुढे सरकतो. पाहण्याचा हा क्रम कुठल्याही चित्राला लावता येतो. तसंही लूव्रमधल्या पुष्कळ पाट्या फ्रेंचमध्ये आहेत, त्यामुळे आधी पाटी वाचण्याचा हट्ट धरून फारसं काही हाती लागत नाही.

ग्रांद गॅलरीतूनच मोनालिसाच्या खोलीत (७११) शिरता येतं, आणि त्या खोलीपलीकडे लाल भिंतींची फ्रेंच चित्रांची दालनं आहेत. इथला शेवटचा थांबा जेरिकोच्या 'मेदुसाचा तराफा' (७००) या चित्रापाशी.

ही गोष्ट घडलेली आहे. १८१६ मध्ये 'मेदुसा' हे फ्रेंच जहाज आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्याजवळ वाळूच्या उथळ पट्ट्यावर रुतलं. कप्तान राजघराण्याच्या मर्जीतला होता आणि वीस वर्षांहून जास्त काळ त्याने जहाज चालवलंच नव्हतं. होड्या पुरेनात म्हणून १४७ जणांना घाईने बांधलेल्या तराफ्यावर उतरवलं. होड्या तो तराफा ओढून नेणार होत्या. मध्येच दोर सोडून देण्यात आले. तेरा दिवसांनी मदत पोहोचली तेव्हा १५ जण जिवंत होते. मधल्या दिवसांत त्यांनी मेलेल्यांचं मांस खाल्लं होतं. जेरिकोने वाचलेल्यांना गाठून माहिती घेतली, त्यांच्यातल्या सुताराकडून तराफ्याची छोटी प्रतिकृती करवून घेतली, शवागारात बसून प्रेतांची रेखाटनं केली. चित्र १८१९ मध्ये लोकांसमोर आलं तेव्हा तो २७ वर्षांचा होता.

चित्र सात मीटर रुंद आहे आणि तराफ्याचा कोपरा थेट पाहणाऱ्याच्या अंगावर येतो. खाली डावीकडे एक म्हातारा मेलेल्या मुलाला मांडीवर घेऊन बसलाय. सुटकेकडे त्याची पाठ आहे. तिथून नजर माणसांच्या ढिगावरून चढत उजवीकडे वर जाते आणि कापड फडकावणाऱ्या कृष्णवर्णीय तरुणापाशी थांबते. तो कोणाला हात करतोय? क्षितिजावर एक ठिपका आहे, तेच जहाज. आता शिडाकडे पाहावं. वारा तराफ्याला त्या जहाजापासून दूर ढकलतोय. छापील चित्रात तो ठिपका दिसतच नाही. त्यासाठी इथेच उभं राहावं लागतं.

दाविदने रंगवलेला नेपोलियनचा राज्याभिषेक (७०२) आणि तिरंगा उंचावणारी देलाक्रवाची 'स्वातंत्र्यदेवता' इथून जवळच आहेत. पाय साथ देत असतील तर जाता जाता पाहावीत. नसतील तर सोडून द्यावीत.

गर्दी नको असेल तर

ज्यांना मोनालिसाचं विशेष अप्रूप नाही, त्यांच्यासाठी रिशेल्यू शाखा जास्त चांगली. तळमजल्यावर असीरियाच्या खोर्साबाद राजवाड्यातले चार मीटरहून उंच पंखवाले बैल आहेत (२२९). माणसाचं डोकं, बैलाचं अंग आणि पाय पाच. समोरून पाहिलं तर उभा, बाजूने पाहिलं तर चालतोय असं वाटावं म्हणून ही युक्ती. मुलांना हे पाय मोजायला फार आवडतं. शेजारीच हम्मुराबीची कायद्याची शिळा आहे (२२७). मग दुसऱ्या मजल्यावर व्हर्मीरची 'लेस विणणारी' (८३७). हे चित्र मोनालिसाच्याही निम्म्याहून लहान, जेमतेम वहीच्या पानाएवढं आहे. पण इथे नाक काचेला लागेल इतक्या जवळ जाता येतं, आणि जवळून तिच्या उशीतून बाहेर आलेले लाल दोरे म्हणजे रंगाचे ओघळ आहेत हे दिसतं.

भारताशी नातं सांगणाऱ्या वस्तूही लूव्रमध्ये आहेत. इस्लामी कलेच्या विभागात घोड्याच्या डोक्याच्या आकाराची, माणकं-पाचू जडवलेली मुघल कट्यारीची मूठ आहे. गोवळकोंड्याच्या खाणींतला १४० कॅरटचा 'रीजंट' हिरा अपोलो दालनात असे. याच दालनात ऑक्टोबर २०२५ मध्ये दागिन्यांची चोरी झाली. 'रीजंट' वाचला, पण त्यानंतर तिथले दागिने फ्रान्सच्या मध्यवर्ती बँकेच्या तिजोरीत हलवण्यात आले. एरवीही काही दालनं ठरावीक वारी बंद असतात. त्याची यादी लूव्रच्या संकेतस्थळावर असते, ती निघण्याआधी पाहावी.

फोटो, गुडघे आणि फाटाफूट

फोटो काढू नका असं कोणी सांगितलं तर ऐकणार नाही, आणि तसं सांगायची गरजही नाही. अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञ लिंडा हेन्केल यांचा २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग इथे उपयोगी पडतो. संग्रहालयात ज्या वस्तूंचा पूर्ण फोटो काढला, त्या लोकांना नुसत्या पाहिलेल्या वस्तूंपेक्षा कमी आठवल्या. मात्र एखाद्या तपशिलावर झूम करून फोटो काढला तर आठवण कमी झाली नाही. तेव्हा पूर्ण चित्र इंटरनेटवर मिळतंच. आपण घंगाळाचा, बैलाच्या पाचव्या पायाचा, क्षितिजावरच्या ठिपक्याचा फोटो काढावा.

घरातल्या ज्येष्ठांना सोबत नेताना त्यांना 'बसून राहा, आम्ही येतो' म्हणत पिरॅमिडखाली ठेवून जाणं सर्रास दिसतं. ३२ युरो भरून हॉलमध्ये बसायचं, याला काय अर्थ आहे? लूव्रमध्ये चाकांची खुर्ची विनामूल्य मिळते, लिफ्ट आहेत, मोठ्या दालनांत बसायला बाकही आहेत. 'मेदुसा'समोर बसून पंधरा मिनिटं पाहिलेल्या आजींनी धावपळ करणाऱ्या नातवापेक्षा जास्त पाहिलेलं असतं. गटातल्या सगळ्यांनी एकत्रच फिरायला हवं असंही नाही. भेटण्याची जागा आणि वेळ ठरवून पांगलं तर कुढत फिरण्याची वेळ कुणावर येत नाही.

तिकीट ठरावीक वेळेचं, आधी ऑनलाइन काढलेलं हवं. मोठी बॅग आत नेता येत नाही, त्यामुळे थेट विमानतळावरून सामानासकट येण्याचा बेत करू नये. एकदा बाहेर पडलं की त्याच तिकिटावर परत आत येता येत नाही, तेव्हा पोटपूजा आधीच उरकलेली बरी.

मंगळवारी लूव्र बंद असतं. पॅरिसमधला मोकळा दिवस नेमका मंगळवारच आला तर नदीपलीकडचं ओर्से संग्रहालय उघडं असतं. ते सोमवारी बंद ठेवतात. मोने आणि व्हॅन गॉग पाहायची इच्छा असणाऱ्यांनी तर तिथेच जावं. त्यांच्या प्रसिद्ध चित्रांच्या शोधात लूव्रमध्ये अर्धा तास हिंडणारी माणसं रोज सापडतात, कारण लूव्रचा संग्रह साधारण १८४८ च्या आसपास थांबतो आणि तिथून पुढचं ओर्सेमध्ये आहे.